तक्रारीच्या फोनवरची बाई

आमच्या गावात मला शिव्या न दिलेला माणूस सापडणं कठीण आहे. तोंडावर कुणी देत नाही, कारण तोंड कुणी पाहिलेलंच नाही. नगरपालिकेच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला की जी बाई बोलते, ती मी. "नमस्कार. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कृपया थांबा. आमचे कर्मचारी लवकरच आपल्याशी बोलतील." एवढंच. मग एक गुळमुळीत सूर वाजत राहतो, आणि तो संपला की पुन्हा मी. कर्मचारी बोलल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

हे काम एका दुपारचं होतं. तेव्हा मी एका मोठ्या दुकानात माइकवरून सवलती पुकारायचे. पालिकेला गोड आवाज हवा होता, कुणीतरी माझं नाव सुचवलं, मी जाऊन चार वाक्यं बोलून आले. पुढं दुकान बंद पडलं आणि मी घरी मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले. आवाज मात्र तिकडंच नोकरीला राहिला. घरात त्याची थट्टा चालते. मी पानं वाढली म्हणून हाक मारली की नवरा आतून म्हणतो, "आपली भूक आमच्यासाठी महत्त्वाची आहे." मी पळी उगारते, तो जेवायला येतो.

आमचं घर उताराच्या अगदी तळाशी आहे. वॉर्डाच्या दोन आळ्या, वरची आणि खालची. वरच्या आळीत जे काही धुतलं, विसळलं, ओतलं जातं, ते सगळं जमिनीखालून आमच्याकडे येतं. आमच्या गल्लीच्या टोकाला पंपघर आहे. तिथला पंप ते सांडपाणी उचलून मोठ्या गटारात ढकलतो. पंप एकच. तो बंद पडला की पाण्याला जायला जागा उरत नाही, आणि मग ते आमच्या तळमजल्याच्या मोरीतून वर येतं.

तळमजल्यावर नाना राहतात, माझे सासरे. ते शिंपी. ती खोली म्हणजे त्यांचं दुकान होतं. आता गुडघे गेले आणि गिऱ्हाइकंही गेली, पण पायमशीन तिथंच आहे आणि नानाही तिथंच. आम्ही त्यांना वर न्यायचं म्हटलं की ते विचारतात, "मशीनचं काय?" ते ओतीव लोखंडाचं धूड आमच्या अरुंद जिन्यातून वर जाणं शक्य नाही. आणि मशीन सोडून नाना कुठं जाणार नाहीत. म्हणजे नानांची खोली कोरडी राहायला हवी, दुसरा मार्ग नाही. आमच्या घरात सगळे एक कान मोरीकडे ठेवूनच जगतात. जरा गुडगुड झाली की जो तो हातातलं टाकून खाली डोकावतो. मोरीच्या जाळीवर वाळूची पिशवी ठेवलेली असते. पाणी त्या पिशवीला भीक घालत नाही, आम्हालाच तेवढा धीर येतो.

गेल्या वर्षी पंप बंद पडला तो सकाळी चहाच्या वेळी. काळं पाणी मशीनच्या पायट्याच्या वर आलं. नाना खाटेवर पाय घेऊन बसले होते, आणि कुणाचेतरी बेतलेले कपडे त्यांनी डोक्यावर धरले होते. मी घोटाभर घाणीत उभी राहून तक्रारीचा नंबर लावला, आणि मीच मला म्हणाले की कृपया थांबा. इतक्या गोड सुरात म्हणाले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. शेजारी माझी थोरली जाऊ बादलीनं पाणी उपसत होती. तिला मी वहिनी म्हणते. ती दवाखान्यात नर्स आहे, आणि वॉर्डातल्या निम्म्या लोकांना तिनं कधी ना कधी टोचलेलं आहे. फोनमधला माझा आवाज तिनं दोनदा ऐकला, तिसऱ्यांदा ऐकला, मग बादली खाली ठेवली.

"पुढच्या निवडणुकीत मी अर्ज भरणार," ती म्हणाली.

मला वाटलं रागाच्या भरात बोलतेय. पण वहिनीचा राग लवकर निवत नाही. निवडणूक लागली आणि तिनं खरंच अर्ज भरला.

समोर होता आमचा चालू नगरसेवक. त्याचं नाव घ्यायची कुणाला गरज पडत नाही, सगळे त्याला 'होऊन जाईल' म्हणतात. साहेब, दिवे गेलेत. होऊन जाईल. साहेब, कचरा उचलला नाही. होऊन जाईल. एका बाईनं नवरा गेल्याचं सांगितलं तेव्हाही तो सवयीनं तेच म्हणाला असं म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही, पण त्याला ओळखते म्हणून मला खरं वाटतं.

त्याचं पत्रक गुळगुळीत कागदावर होतं. रोज कचऱ्याची गाडी, प्रत्येक खांबावर नवा दिवा, अष्टौप्रहर पाणी, गटारांची सफाई, बागेत झोपाळे, तक्रारींसाठी मोबाइलवर ॲप. वाचता वाचता माणसाला आपण दुसऱ्याच गावात राहतोय असं वाटावं. आमच्या पत्रकावर एकच गोष्ट होती. दुसरा पंप, आणि पंपघरात दिवसरात्र माणूस.

वहिनीचा भाऊ प्रचाराचं बघत होता. त्याचा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा, त्यामुळे त्याला सगळं ओरडूनच बोलायची सवय. पत्रक बघून तो ओरडला, "पंपाला मत कोण देतं? वरच्या आळीला पंपघर कुठं आहे तेही ठाऊक नाही."

"त्यांचंच पाणी येतं ना आमच्या घरात?" वहिनी म्हणाली.

"येतं तुमच्याकडे. त्यांच्याकडून ते गेलेलं असतं. गेलेल्या पाण्याचा कोण विचार करतो?"

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

भोंग्याच्या गाडीसाठी आवाज कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. घरात बाई असताना बाहेरून कशाला आणायची? नानांच्या खोलीत खिडकीला गोधडी बांधून आम्ही रेकॉर्डिंग केलं. वहिनीनं ऐकलं, नवऱ्यानं ऐकलं, नानांनी मशीन थांबवून ऐकलं. सगळे म्हणाले, झकास. आता कुणी म्हणेल की एवढं कसं सुचलं नाही? नाही सुचलं. आम्हाला तो आवाज म्हणजे मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरणारी, मुलांवर पाढ्यांसाठी खेकसणारी मी. बाहेर तो आवाज कुणाचा आहे हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

पहिल्या फेरीला मी हौसेनं ड्रायव्हरशेजारी बसले. गाडी बाजारात शिरली, माझं "नमस्कार" भोंग्यातून निघालं, आणि भाजीवाला तराजू हातात घेऊनच रस्त्यावर आला. "बाई, महिनाभर थांबलोय," तो भोंग्याकडे बघून म्हणाला. पुढं एका गॅलरीतून म्हातारी वाकली आणि घाईघाईनं सांगू लागली, की तिच्या दारातला खड्डा अजून तसाच आहे, मागच्या खेपेला तिचा फोन मध्येच कट झाला होता. शाळेजवळ मुलांनी एका सुरात "कृपया थांबा" सुरू केलं. ड्रायव्हर बिचारा खरंच थांबला. कुणीतरी केळ्याचं साल फेकलं, ते काचेवर चिकटलं. मी सीटवर जेवढी खाली सरकता येईल तेवढी सरकले आणि बटण बंद करायला लावलं.

संध्याकाळी होऊन जाईलच्या सभेत तो म्हणाला, "ज्या बाईनं तुम्हाला इतकी वर्षं ताटकळत ठेवलं, ती आता मत मागायला निघालीय." लोक पोट धरून हसले. त्या फोनच्या पलीकडे माणूस बसवायचं काम त्याचं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात यायला कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगायचं तर माझं तोंड बंद. त्यानंतर वहिनीचा भाऊच गाडीवरून बोलायला लागला. खडे पडलेल्या मिक्सरसारखा आवाज, पण निदान कुणी त्याला खड्डे सांगत नव्हतं.

मग आम्ही दारोदार फिरायला लागलो. मला वहिनीची ताकीद होती, "तू फक्त हस." मी हसत होते. एका घरी उन्हानं घसा कोरडा पडला म्हणून "जरा पाणी देता का" एवढंच बोलले, तर त्या बाईचा चेहरा असा झाला की जणू मीच तिचा नळ बंद केलाय. पाणी दिलं तिनं, पण ग्लास आपटला.

वरच्या आळीत पंपाचं नाव काढलं की लोक नम्रपणे घड्याळाकडे बघायचे. वहिनी हुशार बाई, तिनं ते ओळखलं. एका दारात ती कुत्र्यांच्या बंदोबस्ताचं बोलली. पुढच्या दारात पार्किंगचं. त्यापुढच्या दारात म्हाताऱ्यांसाठी बाकांचं. चौकात आल्यावर मी तिची बाही ओढली.

"वहिनी, पंप?"

"सांगते गं."

"आत्ता तीन घरांत नाही सांगितलंत."

"तू घरी असताना अशीच मागं लागतेस का नानांच्या?" ती चिडून म्हणाली, आणि पुढचं दार वाजवलं.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. परक्यांच्या घरात बसले असताना त्यांच्या मोरीत गुडगुड झाली तरी मी दचकून उठायचे. नाना सकाळपासून घरी एकटे असायचे. मी त्यांचं ताट झाकून ठेवायचे, आणि मोठ्या बटणांचा एक जुना फोन मशीनच्या फळीवर ठेवायचे. एक दाबलं की नवरा, दोन दाबलं की वहिनी, तीन दाबलं की मी, आणि चार दाबलं की तक्रारीचा नंबर. पहिल्या दिवशी समजावून सांगताना नाना डोळे मिचकावत म्हणाले होते, "म्हणजे तीनवर तू आणि चारवरही तूच."

"चारवर मी नाही, नाना. नुसता आवाज."

"तेच ते," ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले. मला निघायची घाई होती, मी हसून सोडून दिलं.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात व्यापारी मंडळानं शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. पाणी, गटारं, कचरा, दिवे, यांवर उमेदवारांनी काय करणार ते सांगायचं आणि लोकांनी प्रश्न विचारायचे. वहिनी त्या दिवशी छान बोलली. कुत्री नाहीत, बाकं नाहीत, फक्त पंप. एक पंप बिघडला तर दुसरा का हवा, हे तिनं मूत्रपिंडाचं उदाहरण देऊन सांगितलं, आणि वरच्या आळीचे चार लोक चक्क मान हलवू लागले. मला वाटलं, जमतंय.

तेवढ्यात होऊन जाईल उठला. म्हणाला, "बाईंना खालच्या आळीची फार काळजी आहे. पण मला तक्रार विभागातून कळलं की सध्या एकाच नंबरवरून दिवसभर फोन येतात. फोन लावायचा, बोलायचं काही नाही, लाइन अडवून ठेवायची. तो नंबर कुणाच्या घरचा आहे, हे बाईंनी सांगावं. तक्रारी नाहीत म्हणून तक्रारी तयार करायच्या का?"

वहिनीच्या हातातला माइक खाली आला. तिला काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, पण लोकांनी त्याचा उलटाच अर्थ काढला. मान हलवणारे चौघेही हसायला लागले.

घरी येईपर्यंत रस्ताभर भांडण झालं. वहिनीला वाटलं, माझा उपद्व्याप. मला वाटलं, तिच्या भावाचा. तो म्हणाला, "मी नाही केलं. पण कल्पना वाईट नव्हती." वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या चौकापर्यंत चक्क हळू आवाजात बोलला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा निघायचं ठरवलं. सगळे गेल्यावर चहा घेऊन जिना उतरले, आणि नानांच्या बंद दाराबाहेर मला माझाच आवाज ऐकू आला. नमस्कार. आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.

मी दार ढकललं. नाना मशीनवर बसले होते. फोन फळीवर उताणा, स्पीकर चालू. ओठांत टाचण्या धरून ते एका जुन्या पँटची दुमड घालत होते. मला बघून त्यांनी हात वर केला, आधी तिचं बोलणं होऊ दे, अशा अर्थानं.

"नाना, कुणाला फोन लावलाय?"

त्यांनी टाचण्या काढल्या. "तुला."

"मोरीतून पाणी आलंय का?"

"नाही बुवा."

"मग कशाला?"

"तुम्ही सगळे सकाळी जाता. मग घरात कुणी बोलत नाही. चार दाबलं की तू बोलतेस." ते जरा हसले. "नमस्कारसुद्धा करतेस. घरात कधी केलास? थांबा म्हणतेस, मी थांबतो. तेवढ्यात माझी एक शिवण होते."

आधी मला संताप आला. त्यांच्यामुळे काल भर सभेत काय झालं ते मी सगळं ऐकवलं. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. पँटची दुमड ते बोटांनी पुन्हा पुन्हा सपाट करत राहिले.

"मी खोटी तक्रार नाही केली गं," ते म्हणाले. "मी काही बोललोच नाही कधी."

मग मला रडू आलं. ज्यांची खोली वाचवायला आम्ही गावभर उन्हातान्हात हिंडत होतो, त्यांच्याशी दिवसभर बोलायला आमच्याकडे एक यंत्र उरलं होतं. मी चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "नाना, काही लागलं तर तीन दाबा. चार नाही. तीन." त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

संध्याकाळी हे घरात सांगितलं तेव्हा वहिनीच्या भावाचे डोळे चमकले. "आपण नानांचा फोटो काढू. फोन कानाला लावलेला. सुनेच्या आवाजासाठी तळमळणारा म्हातारा. त्या माणसाचा आरोप त्याच्याच घशात जाईल. लोक रडतील, मतं पडतील."

वहिनीला ती सभा परत जिंकायची होती, हे मला दिसत होतं. मग म्हणाली, "नाही. नाना जिना चढत नाहीत, त्यांना भोंग्यावर कुठं चढवतोस."

"मग पंप विसर."

"बघू," ती म्हणाली, आणि उठून नानांचं ताट वाढायला गेली.

त्या दिवशी मला वहिनीचा फार अभिमान वाटला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे पुन्हा बाहेर पडलो. निवडणूक दाराशी आलेली. घरी कोण थांबणार?

मतदानाच्या दिवशी मला शाळेबाहेर ठरवून दिलेल्या अंतरावर टेबल मांडून बसवलं होतं. येणाऱ्याला मतदान कुठल्या खोलीत आहे ते सांगायचं. मी खुणेनंच सांगत होते. मोबाइल समोर ठेवला होता. दर थोड्या वेळानं उचलून बघायचे. नानांचा फोन नाही म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून पुन्हा ठेवायचे. तरी पाय टेबलाखाली स्वस्थ बसत नव्हते.

दुपारी आमच्या गल्लीतली इस्त्रीवाली मतदानाला आली. चपला हातात. मी तिला खोली दाखवायला बोट उचललं आणि तिचे पाय पाहिले. घोट्याच्या वरपर्यंत काळे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाला की बराच वेळ. पंप सकाळीच बंद पडला." तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुम्हाला घरून फोन नाही आला?"

मी धावत सुटले. फाटकात वहिनी हात जोडून उभी होती, तिनं माझा चेहरा पाहिला आणि तीही माझ्यामागं धावली. उमेदवार भर मतदानात उतारावरून पळतेय, हे बघायला लोक दुकानांच्या पायऱ्यांवर आले.

खोलीत पाणी नडगीपर्यंत चढलं होतं. वाळूची पिशवी कोपऱ्यात तरंगत नव्हती एवढंच. नाना मशीनच्या स्टुलावर बसले होते, पाय त्या काळ्या पाण्यात, मांडीवर घडी केलेले कपडे आणि कानाला फोन. फोनमधून मी बोलत होते.

"नाना!"

त्यांनी हात वर केला. "लागलाय फोन. लवकरच बोलतील म्हणतेयस."

"तीन का नाही दाबलं?" माझा आवाज चिरकला. "मी सांगितलं होतं ना, तीन दाबा म्हणून."

"आज तुमचं मोठं काम होतं. उगाच कशाला." मग ते माझ्याकडे बघत अगदी सरळपणे म्हणाले, "आणि इतके दिवस मी उगाच लावत होतो. आज तक्रार खरी होती. म्हटलं, आज बोलतील."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. मी कृपया म्हणता म्हणता मध्येच गप्प झाले.

आम्ही दोघींनी त्यांना स्टुलासकट उचलून शेजारच्यांच्या ओट्यावर नेलं. वहिनीनं त्यांचे पाय मांडीवर घेऊन धुतले. टाचेत एक टाचणी गेली होती, त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. वहिनी नर्स आहे, कुणाच्या रक्तानं ती हलत नाही. पण ती टाचणी हातात घेऊन ती किती वेळ तशीच बसली. भाऊ बोलवायला आला, "तिकडं मतदान चाललंय, चल." ती म्हणाली, "चालू दे."

मतदान चाललं होतं हे खरं. खालची आळी एरवी मतदानाला आळस करते. त्या दिवशी घरात बसायला जागाच नव्हती, त्यामुळे झाडून सगळे गेले, पाय न धुता गेले, कारण धुवायचे कुठं? शाळेच्या पांढऱ्या फरशीवर काळ्या पावलांची रांग उमटली. तिच्या मागं वरच्या आळीची माणसं नाकाला रुमाल लावून उभी होती. इस्त्रीवालीनं त्यांना शांतपणे सांगितलं, "रुमाल कशाला लावता? तुमचंच आहे." आपलं गेलेलं पाणी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असावं. वहिनी निवडून आली. थोडक्या मतांनी, पण आली.

नानांचा पाय सुजला, ताप चढला, आणि त्यांना बरेच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. एकदा तर डॉक्टर पायाबद्दल असं काही बोलले की नवरा भिंतीला टेकून खाली बसला. पण पाय राहिला. नाना घरी आले, आले ते थेट खाली. मशीनच्या पायट्यावर गंज चढला होता, तो ते रोज तेलानं पुसू लागले.

दुसऱ्या पंपाचा ठराव झाला. मग मोजमाप. मग वेगळ्या विजेच्या जोडणीची परवानगी. एका सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो, वहिनीला कुणाचातरी फोन आला. ती एका हातानं कणीक मळत होती, फोन खांद्याशी धरलेला. "हो हो, माझ्या लक्षात आहे," ती म्हणाली, "होऊन जाईल."

मी चिरत होते ते थांबले. तिनंही ऐकलं होतं स्वतःचं. फोन ठेवला आणि कणकेकडे बघत म्हणाली, "अशी बघू नकोस माझ्याकडे." त्या दिवशी ती वीज कार्यालयात गेली आणि साहेबाच्या समोरच्या खुर्चीत संध्याकाळपर्यंत बसून राहिली. परवानगी आली नाही, पण दुसऱ्या दिवशी ती परत जाऊन बसली. अजूनही जाते.

नवा पंप बसायला वेळ लागणार होता. फोनवरचं वाक्य बदलायला लागणार नव्हता, म्हणून मी वहिनीच्या मागं लागून तेवढं करून घेतलं. पालिकेतला कारकून कुरकुरला, "थांबू नका म्हटलं तर लोक थांबणारच नाहीत." मी म्हटलं, "तेच हवंय." आणि त्याच माइकसमोर उभी राहून बोलले, "नमस्कार. पाणी घरात येत असेल तर थांबू नका. आधी उंच जागी जा. घरच्यांना, शेजाऱ्यांना हाक मारा. मग तक्रार सांगा."

नानांनी घरी आल्यावर पहिल्यांदा चार दाबलं तेव्हा मी शेजारीच होते. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"आता थांबा म्हणत नाहीस," ते म्हणाले. आवाजात जरा रुसवा होता.

"नाही."

"मग मी तिथं करायचं काय?"

"मला हाक मारायची, नाना. मी वरच असते."

ते त्यांनी मनावर घेतलं. आता दिवसभर खालून "सूनबाई" चालू असतं. सुईत दोरा ओवून दे. वाजले किती. आज भाजी कसली, वास चांगला येतोय. कधी खाली गेल्यावर काहीच नसतं, नुसतं माझ्याकडे बघून पुन्हा मशीन सुरू करतात. माझी शिकवणी अर्धी राहते, मुलं हसतात, मी चरफडत जिना चढते. चरफडते, पण जाते.

परवा तसंच झालं. गॅसवर भाजी, खोलीत मुलांचे पाढे, आणि कुठूनतरी बारीक गुडगुड. मोरीतली की भांड्यातली, ते समजायच्या आत खालून हाक आली, "सूनबाई."

"थांबा, आले," मी ओरडले.

शब्द तोंडातून गेल्यावर मला तो ऐकू आला. खालून लगेच शांत उत्तर आलं.

"थांबलोय."

हातातला डाव तसाच घेऊन मी जिन्याकडे धावले.